पल्याडची माणसं

"पाणी मागत होता, अव्वा. शेवटपर्यंत पाणीच मागत होता," मडिवाळप्पा म्हणाला.

मुगाच्या शेंगा बडवणाऱ्या भागम्माचा हात थांबला. तिचा एकुलता एक मुलगा बंडेप्पा आणि त्याचा जोडीदार हा मडिवाळप्पा, दोघं उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं खजुरी गाव सोडून सरहद्दीपलीकडं गेले होते. पल्याड हिंदुस्थान सरकारचा मुलूख, अल्याड निजामाचा. मधे फक्त काही कोसांची वाट. आता निजामाचं राज्य बुडालं होतं. फौज येऊन गेली होती. पल्याड गेलेली माणसं घरी परतत होती आणि भागम्मा रोज वाटेकडं डोळे लावून बसत होती. आज दोघांतला एकच आला.

"कुणी दार उघडलं न्हाई?" तिनं विचारलं.

"आधी उघडली, अव्वा. पयल्यांदा गेलेल्यांना जेवू घातलं, गोठे रिकामे करून दिले. पन लोक येतच राहिले. आमी पोचलो तवा गावातल्या विहिरीचा तळ दिसत होता. त्यात पटकी आली. बंडेप्पाला उलट्या सुरू झाल्या, तशी वेशीतून आत येऊ देईनात. बाहेर लिंबाखाली पडून होता. मी हातापाया पडलो. 'तुमची मानसं तुमच्या मुलखात न्या,' म्हनले."

भागम्माचा नवरा रेवणसिद्धप्पा कट्ट्यावर बसून ऐकत होता. तो उठला आणि पायात पायताण न घालताच शेताच्या वाटेला लागला. भागम्माला रडू येईना.

मडिवाळप्पाची नजर गोठ्याकडं गेली. "ती बाई अजून हितंच हाय?"

ती म्हणजे मैमूनबी. वऱ्हाडातल्या दंग्यातून जीव वाचवून निजामाच्या राज्यात आलेली. मागच्या हिवाळ्यात अशी माणसं गाड्या भरून खजुरीत आली होती. गावची माणसं पल्याड पळत होती आणि पल्याडची इकडं येत होती. पाटलानं त्यांना दारोदार वाटून दिलं. भागम्माच्या गोठ्यात मैमूनबी आणि तिचा नवरा आले. नवरा थोड्याच दिवसांत तापानं गेला. तेव्हा भागम्मा तिच्याशी एक शब्द बोलत नसे. भाकरी लांबूनच ठेवून माघारी फिरे. घरातली ज्वारी कणगीच्या तळाला लागली होती आणि हे परकं तोंड अंगावर पडलं होतं.

बंडेप्पा पल्याड गेला आणि सगळं फिरलं. आपण इथं हिला जेवू घालू, तिथं कुणीतरी त्याला घालील, असं भागम्माच्या मनानं घेतलं. ती स्वतः गोठ्यात जाऊन बसू लागली. मैमूनबी तिच्या वऱ्हाडी बोलीत धीर देई, "तुह्या लेकाले कोनी ना कोनी घरात घेतलंच असन, माय."

"तिला घालवून दे," मडिवाळप्पा म्हणाला. "खालच्या गावची मानसं यायलेत. रझाकारांनी त्यांची घरं जाळली, मानसं मारली. आता भाईरून आलेलं एक बी माणूस ठेवायचं न्हाई म्हनत्यात. आन् तू कामून सांभाळायलीस तिला? आपल्या बंडेप्पाला कुनी सांभाळलं?"

भागम्मा उठली. गोठ्याकडं जाताना तिच्या ओठांवर एकच शब्द होता, निघ.

मैमूनबी म्हशीपुढं कडबा टाकत होती. भागम्माला बघून ती हातातली पेंढी टाकून पुढं आली. "माय, कोन आलं? लेकाची खबर भेटली का?"

भागम्मानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. स्वतःचं माणूस घरी यावं तसा आनंद त्या तोंडावर होता.

"व्हय," भागम्मा म्हणाली. "चांगला हाय. एका बाईनं घरात घेतलंय त्याला." तिनं मैमूनबीचा हात धरला. "तू बी आत चल."

तिनं तिला मधल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर येऊन टेकली. मडिवाळप्पा अंगणात उभा राहून सगळं बघत होता. तेवढ्यात दहा-बारा माणसं आत शिरली. हातात काठ्या, कुऱ्हाडी. एकानं गोठा बघितला.

"हितली वऱ्हाडची बाई कुठाय?" पुढच्यानं विचारलं.

"गेली."

"मग घर बघू दे."

"बघा की." भागम्मा जागची हलली नाही. "पन आजच सांगावा आलाय. माझा लेक मेला. पल्याड, वेशीबाहेर. घोटभर पाणी बी न्हाई दिलं कुनी."

हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलली. पुढच्यानं कुऱ्हाड खाली केली. तो मागं वळणार, तोच घरातून हंबरडा फुटला.

सगळे थबकले.

"आत कोन हाय?"

"लेक हाय माझी," भागम्मा म्हणाली. "बंडेप्पाची भन."

त्या माणसानं मडिवाळप्पाकडं पाहिलं. "तू ह्याच गावचा न्हवं? ह्यांना लेक हाय?"

मडिवाळप्पा बंडेप्पाबरोबर ह्याच अंगणात खेळून मोठा झाला होता. आतलं रडणं थांबत नव्हतं. ऊर बडवून, श्वास तुटेस्तोवर ती बाई रडत होती. बंडेप्पासाठी कुणी रडताना तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"धाकटी हाय," तो म्हणाला.