चांगला रिपोर्ट

अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि कोर्टात तडजोड झाली. धुळीने ज्या कामगाराची फुप्फुसं जास्त खराब, त्याला भरपाई जास्त. बाबांना तपासणीला नेताना थोरल्याने वाटेतच बजावलं, "नळीत जोर लावून फुंकू नका हं."

बाबांनी मान डोलावली. पण डॉक्टरीणबाई "शाबास काका, अजून थोडं" म्हणाल्या आणि त्यांनी जीव खाऊन फुंकलं.

"नशीबवान आहात, काका. फुप्फुसं अजून बरीच शाबूत आहेत."

थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. बाबांनी तो पाहिला.

बाहेर आल्यावर ते ओशाळून म्हणाले, "चुकलंच माझं. पण पुढच्या वर्षी परत तपासतात रे.

तोवर होतील खराब."