उघडे डोळे

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: पाच चित्रकारांचा एकच स्टुडिओ, टर्पेंटाइनचा वास आणि उद्याच्या प्रदर्शनासाठी टांगलेली चित्रं. प्रत्येकाने शेजाऱ्याचं चित्र काढायचं आणि दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम.

पिटुकलीची आई त्या पाचांतलीच एक. तिचं चित्र शेजारच्या दाढीवाल्या काकांनी काढलं होतं.

"ही सारखी पेंगते! हिचे डोळे उघडे काढताना माझ्या नाकी नऊ आले!" काका म्हणाले.

"रात्रभर जागून सगळ्यांच्या फ्रेमा ठोकून बघा, मग कळेल," म्हणत आई खुर्चीत टेकली. "पिटुकले, जरा वेळाने उठव गं."

मंडळी चहाला गेली. थोड्या वेळाने पिटुकलीने हाक मारली. आई हलली नाही. तिचा हात धरला, तर तो गार लागला.

घाबरून तिने वर पाहिलं. चित्रातल्या आईचे डोळे मिटलेले होते.

तिने खुर्चीतल्या आईला गदागदा हलवलं. तिची मान तशीच राहिली. चित्रातली मान मात्र खांद्यावर कलली.

पिटुकलीने नेम मोडला. काकांचा बारीक ब्रश घेऊन ती स्टुलावर चढली आणि तिने मिटल्या पापणीवर एक उघडा डोळा रंगवला.

मागे खुर्ची करकरली.

पिटुकलीने वळून पाहिलं नाही. तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि दुसरा डोळा काढायला घेतला.