खोडावरचा पट्टा

"झालं, बाई. सालीचा एक धागासुद्धा ठेवला नाही," मुलगी म्हणाली आणि चाकू पुसत बाजूला झाली.

बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. सांगितलं होतं फांद्यांची साल काढायला आणि पोरीने सोललं होतं खोड! जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, चांगलं दोन बोटं रुंद, अगदी गोल. आतलं लाकूड पांढरंफटक दिसत होतं.

"अगं, खोड कशाला सोललंस?"

"पट्टा होता ना, बाई. तुम्हीच म्हणालात, पांढरा पट्टा दिसेल तिथली साल काढा."

म्हणाल्या होत्या खऱ्या. साल काढलेल्या जागी ओलं शेवाळ बांधलं की फांदीला मुळं फुटतात, नवं रोप मिळतं. त्यासाठी सहा फांद्यांवर सकाळी त्यांनीच पट्टे ओढले होते. खोडावरचा पट्टाही त्यांचाच, पण जुना. दर महिन्याला घेर एकाच जागी मोजता यावा म्हणून. डबा तोच, ब्रश तोच. दुसरा रंग कोण शोधणार, दुसरं काय! वर्गातल्या बाकीच्यांनी निदान आळस तरी केला असता. ही पडली पहिल्या नंबरची. सांगितलं की सांगितलं.

माळीमामा शेवाळाची बादली घेऊन आले आणि तिथेच थांबले. बिनबियांच्या लिंबाचं हे एकच झाड होतं. हजार रोपांतून त्यांनी ते हेरलं होतं, नऊ वर्षं वाढवलं होतं. त्याची रोपं करायचा मुहूर्त आज लागला होता, आणि आजच हे.

बादली खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"आत्ताच," बाई म्हणाल्या.

"मग ओलं फडकं गुंडाळा आधी. जखम सुकली तर देवही काही करू शकणार नाही."

मुलीचा चेहरा आता कुठे उतरला. खोडाची साल गोल काढली तर झाडाचं काय होईल, हा प्रश्न गेल्याच चाचणीत होता. तिला दहापैकी दहा होते.

"पानांनी केलेलं अन्न खाली जाणार नाही. मुळं उपाशी मरतील," ती पुटपुटली. मग एकदम रडायलाच लागली. "मामा, मी तुमचं झाड मारलं हो!"

"मेल्यावर रड. अजून उभं आहे ते. बाई, काड्या लावून पूल करायचा. वरच्या सालीपासून खालच्या सालीपर्यंत."

अकरा वर्षं बाई फळ्यावर रंगीत खडूने हा पूल काढत आल्या होत्या. झाडावर एकदाही केला नव्हता. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. गेल्या वर्षापासून त्यांच्या हातात चहाचा कप राहत नव्हता, चाकूची काय कथा!

"हिला द्या," मामा म्हणाले. "इतकी साफ साल मीसुद्धा कधी सोलली नाही."

"नको, मामा! मी हात नाही लावणार."

बाईंना गप्प राहता आलं असतं. खोड कुणी सोललं, तर मुलीने; विषय संपला असता. पण त्या मुसमुसणाऱ्या पोरीकडे बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"इकडे बघ. पट्टा मी काढला होता, आणि तो कशाचा ते तुला सांगायला विसरले. चूक माझी. हात मात्र तुझाच लागणार. धर चाकू."

मुलीने नाक पुसलं. चाकू धरला.

बाईंनी त्याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या पाच काड्या कापून आणल्या. मुलगी दोन्ही टोकं तासत होती, सालीत चीर पाडत होती, काडी आत सारत होती. मामा फडक्यावर पाणी शिंपडत होते. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीही बसली. मुलीने चौथी उचलली.

"थांब! उलटी आहे," बाई ओरडल्या. "कोंबाचा डोळा बघ. पानाचा व्रण खाली, डोळा त्याच्या वर. उलटी काडी चिकटेल, पण अन्न नेणार नाही."

मुलीने काडी फिरवली. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. बाईंनी तो पदराने टिपला.

कुणीतरी ऑफिसात कळवलंच असणार. प्राचार्य लांब लांब ढांगा टाकत आले आणि अगदी खोडाला भिडून उभे राहिले.

"हा कुणाचा प्रताप?"

मुलीचा हात थबकला. पाचवी काडी अजून तिच्या बोटांत होती.

"माझा," बाई म्हणाल्या. "तू थांबू नकोस गं."

"तुमचा? अहो, हे झाड गेलं तर काय होईल, कल्पना आहे तुम्हाला? मला आत्ताच्या आत्ता लेखी..."

नऊ वर्षांत मामांनी साहेबांसमोर मान वर केली नव्हती. आजही केली नाही. त्यांची नजर मुलीच्या बोटांवर होती.

"लिहून घ्या नंतर काय ते," ते म्हणाले. "आधी बाजूला व्हा, साहेब. पोरीचा उजेड अडतोय."