बेचाळिसावी होडी

यादीत बेचाळीस होड्यांपुढे ‘बंदरात’ लिहिलं होतं. चारुताने खिडकीतून मोजल्या, त्या एक्केचाळीस भरल्या. मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर आजवर कचेरीच्या या खोलीतल्या संगणकालाच उत्तर द्यायचा. वादळानंतर जिल्ह्याच्या शोधपथकाला यादी ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून पाहायची होती, म्हणून तिने त्यांचा आयपी पत्ता घातला, फायरवॉलमध्ये वाट दिली. आता सर्व्हर रीस्टार्ट केला, की पथक हीच यादी वाचणार. बंदरातली होडी कोण शोधेल? तिचा नवरा यज्ञेश मासेमारीबंदीत होडी घेऊन गेला, त्याला चार दिवस झाले होते. परवाना जाईल म्हणून सोसायटीचे चेअरमन असलेले सासरे, आप्पा, गप्प होते, आणि तीही. “आप्पा, करू रीस्टार्ट?” “थांब गो. येतलो तो.” “काल पण ह्याच म्हणालात.” आप्पांनी खिशातला प्लॅस्टिकबंद परवाना कीबोर्डशेजारी ठेवला. “परवानो गेलो तर गेलो. लिव, होडी बंदरात नाय. माझो झील यज्ञेश दर्यात आसा.”