मागची सीट

"दादा, विमानातून फिरवायला कधी येतोस?" धाकट्या बहिणीच्या या पत्राला त्याने सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. त्याचं दोन सीटचं जुनं विमान एका टाकीच्या पेट्रोलवर तिच्या गावापर्यंत पोचतच नव्हतं. त्याने जादा टाकी बसवली, की तपासनीस दर वेळी नवी खोट काढायचा. अखेर तपासनीसच म्हणाला, "मागची सीट काढा, तिथे टाकी बसवा, लगेच सही करतो."

"म्हणजे गावी पोचाल, पण वन्संना बसवणार कुठे? टाकीवर?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा त्यांनाच इकडे बोलवा की!"

त्याने कपाळावर हात मारून घेतला.



संध्याकाळी उत्तर पेटीत पडलं: "चिमणे, तूच ये. बस थेट आहे."