उलटी जिल्द

हरिसिंगनं पुस्तक उघडलं आणि सैफुद्दीनच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला.

“काय झालं, सैफूभाई?”

“काई नाई. गरम होता. तू वाच.”

ओट्यावर पौषातलं ऊन आलं होतं. दोघं म्हातारे भिंतीला पाठ लावून बसले होते आणि मध्ये हरिसिंगनं आणलेल्या हुरड्याची पुरचुंडी सोडलेली होती. हरिसिंग वाचू लागला. एका अस्वलाची गोष्ट होती, मोहाची फुलं खाऊन झिंगलेल्या. एरवी सैफुद्दीन पोट धरून हसला असता. आज त्याचा जीव पुस्तकाच्या पुठ्ठ्यात अडकला होता.

कारंजा गावात पुस्तकाला जिल्द बांधायची तर सैफुद्दीनकडंच, असं लोक म्हणायचे. दसऱ्याला त्यानं दुकान मुलाच्या, युनूसच्या हाती दिलं आणि चाळीस वर्षं नुसती शिवलेली पुस्तकं आता वाचायला घेतली. उर्दू तेवढी त्याला यायची. सकाळचं ऊन, नाकावर चष्मा, मांडीवर पुस्तक. बादशहाला काय सुख असेल! आणि आल्यागेल्याला पाण्याच्या आधी एक वाक्य ऐकावं लागे, “या हातचं एक पुस्तक कधी वापस आलं नाई.” ते खरं होतं, म्हणून कुणी हसत नसे.

हरिसिंग धनजजवळच्या तांड्याचा. जंगल खात्यात रखवालदारी करून तोही आता घरी बसला होता. निरोपाच्या दिवशी साहेबानं त्याला गोष्टींच्या एका मराठी पुस्तकाची सुटी पानं दिली. सैफुद्दीननं त्यांना लाल कापडाची जिल्द चढवली आणि वर गोल सोनेरी फूल उठवलं. त्याला दोन वर्षं झाली. तांड्यात वाचता येणारा म्हणून एकट्या हरिसिंगचं नाव होतं, आणि तो चालायचाही तसाच, छाती पुढं काढून. पुस्तक घेऊन मात्र तो आज पहिल्यांदाच आला होता.

तो गेल्यावर सैफुद्दीन घरात आला.

“अमीना, माह्या हातून घात झाला.”

“काय सांडलं आता?” अमीनाबीनं सदऱ्याकडं पाहत विचारलं.

“उर्दू किताब उजवीकून उघडते, मराठी डावीकून. रमजानचे दिवस होते, रोजा होता. हात सवयीनं चालला अन् फूल शेवटच्या पानाकून बसलं. सारी जिल्द उलटी!”

“मंग हरिसिंगभाऊ काई बोलले नाई?”

“दोन वर्षात एक शब्द नाई. आजबी फुलाकूनच उघडलं त्यानं. कोनाच्या ध्यानात येऊ नये म्हून. माही लाज राखून राह्यला बिचारा.”

“तं कबूल करून टाका. जीभ झडते काय?”

जीभ झडली नसती, पण चाळीस वर्षं झडली असती. त्यातून हरिसिंग जाता जाता सांगून गेला होता, की संक्रांतीला तांड्यात सगळ्यांसमोर वाचन ठेवलंय आणि इंझोरीकडचे मास्तर ऐकायला येणार आहेत. मास्तरनं पुस्तक हातात घेतलं की संपलं. पंचक्रोशीत शोभा होणार होती.

पुढच्या बाजाराला सैफुद्दीन सहज म्हटल्यासारखं म्हणाला, “शिलाई ढिली झाली वाटते रे. ठेवून जाय.”

“एक धागा हालला नाई!” हरिसिंगनं पुस्तक छातीशी धरलं. “तुह्या हातचं काम हाये हे.”

या कौतुकानं सैफुद्दीनला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दुसरा डाव टाकला.

“मास्तर येऊन राह्यले ना? मंग फूल असं फिकट कायले? नवं सोनं चढवून देतो. पायतच राहीन सारा तांडा.”

हरिसिंगनं फुलाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि पुस्तक खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सैफुद्दीननं युनूसला कापड आणायला पिटाळलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. जुने पुठ्ठे सोडवले, नवे कापले, खळ लावली. आज डोकं ठिकाणावर होतं. फूल या वेळी पहिल्या पानाकडं गेलं. तसंच गोल, तसंच झगझगीत. पुस्तक दाबाखालून निघालं तेव्हा त्यानं ते उगाच चारदा उघडून मिटलं. इतकं देखणं काम त्यानं तरुणपणीही केलं नव्हतं. हे त्यानं अमीनाबीला दोनदा सांगितलं.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी हरिसिंग आला. नवा फेटा, नवी काठी. त्यानं फुलावरून तळहात फिरवला.

“वा रे सैफूभाई! साहेबाच्या घरीबी असं पुस्तक नसन.”

“आता वाच,” सैफुद्दीन म्हणाला. “उद्या मास्तरले दाखवशीन, त्याच्या आधी मले ऐकव.” त्याला फार हलकं वाटत होतं. नाव वाचलं होतं आणि मित्रालाही आता झाकपाक करावी लागणार नव्हती.

हरिसिंगनं बैठक मारली. नेहमीसारखी पुस्तकाची पाठ उजव्या हातात धरली, डाव्या हातानं फूल उचललं, बोट ओलं केलं आणि सुरू केलं. बिबट्याच्या दोन पिल्लांची गोष्ट होती. आवाज खणखणीत. कुठं अडखळणं नाही की थांबणं नाही. अमीनाबी तीळ निवडायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. आपली जिल्द कशी उघडलीय ते डोळे भरून पाहावं म्हणून सैफुद्दीननं चष्मा चढवला आणि पानावर वाकला.

प्रत्येक ओळीची रेघ खाली होती आणि अक्षरं तिच्यावर पाय वर करून उभी होती.