कुलपाची गिटार

बाबांनी रेल्वेच्या चार बदल्यांत जपून जयपूरला आणलेली शिसवीची फळी चौऱ्याऐंशीत मला गिटारसाठी दिली, पण बजावलं, "वाजली नाही तर तोडून जेवायचा पाट करीन." तिलक नगरच्या मिस्त्रीजींनी आयुष्यभर कपाटंच केली होती. महिन्याने ते गिटार घेऊन आले. आकार बरोबर, तारा सहा, आणि पाठीला कुलपाचा ड्रॉवर. "ये क्या, मिस्त्रीजी?" मी विचारलं. "सामान कहाँ रखोगे, भैया?" बाबा करवत शोधायला उठले. मी घाईघाईने तारा छेडल्या. सूर असा घुमला की आई लाटणं घेऊनच बाहेर आली. बाबा थांबले. त्यांनी ड्रॉवर उघडला, लावला, पुन्हा उघडला. अडकित्ता आणि सुपाऱ्या आत ठेवून किल्ली खिशात घातली. "फळी कारणी लागली." माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून जेवण झालं की बाबा ओरडतात, "गिटार आण रे!"